दि. बा. आणि साडेबारा टक्के

आगरी घरात दि. बा. पाटलांचं नाव वडीलधाऱ्याचं घ्यावं तसं घेतात. त्यांच्या कामाविषयी शंका काढली की घरातच वाद पेटतो. माझा आणि मामाचा तो कितीतरी वर्षं चालू आहे. मामा उरण तालुक्यातला. त्याच्या घरची भातशेती नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या संपादनात गेली, आणि १९८४च्या लढ्यात तो ऐन विशीत होता. मी भिवंडीतल्या नारपोलीची. भिवंडीच्या न्यायालयात दिवाणी कामं करते : वाटपाचे दावे, वारसनोंदी, हक्कसोडपत्रं, गाळ्यांचे भाडेकरार. नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली तेव्हा मामा आमच्याकडे आलेला होता आणि विषय निघाला. त्यातलं जे कागदावर यावं असं वाटलं, ते लिहिते.

मामा : विमान उडालं, आता साहेबांचं नाव लागलं पाहिजे. २०२१च्या जूनमध्ये आम्ही मानवी साखळी केली. २४ जूनला, त्यांच्या स्मृतिदिनी, सिडको भवनाला घेराव घातला. २०२२ला विधिमंडळानं ठराव केला. धावपट्टीखालची जमीन कुणाची होती, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळायला नको?

मी : नाव लागावं, मलाही वाटतं. पण मामा, तुम्ही सगळे त्यांची गोष्ट सांगता ती मोर्चाची, गोळीबाराची आणि लाल बावट्याची. तो माणूस पेशानं वकील होता, पाच वेळा विधानसभेत निवडून गेला, दोनदा लोकसभेत. हे तुम्ही एका वाक्यात उरकता. मला त्या वाक्यातच रस आहे.

मामा : वकील गल्लोगल्ली आहेत, बाय. गोळीसमोर उभे राहणारे किती?

मामाचं हे नेहमीचं उत्तर. त्याला मी अडवलं, कारण दि. बां.चं मोठेपण मला त्या वकिलीतच दिसतं आणि त्यांची मर्यादाही तिथेच दिसते. दिनकर बाळू पाटील यांचा जन्म जासईचा, १३ जानेवारी १९२६चा. ते वाढले तो काळ कुलाबा जिल्ह्यात खोतांचा आणि सावकारांचा होता. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन कसायचीच नाही असं ठरवलं, आणि तो संप १९३९पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकऱ्यांमागे उभे राहिले आणि १९३७ साली मुंबईच्या विधानसभेत त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. शेतातला संप आणि सभागृहातला कागद एकमेकांना धरून चालू शकतात, हे आगरी मुलखानं दि. बां.च्या आधीच पाहिलेलं होतं. दि. बा. कायदा शिकले, पनवेलीत वकील झाले, शेतकरी कामगार पक्षात गेले आणि १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, आमदार झाले.

मी : १९५७ हे साल लक्षात घे, मामा. त्याच वर्षीच्या १ एप्रिलला, कृषक दिनी, कूळकायद्यानं कुळं मालक मानली गेली. म्हणजे आजोबांची ‘३२ ग’ची, किंमत ठरवण्याची केस त्यानंतरची.

मामा : ‘३२ म’चं खरेदीचं प्रमाणपत्र अजून पत्र्याच्या पेटीत आहे. हप्ते फेडता फेडता म्हाताऱ्याची कंबर मोडली होती.

मी : आणि १९७०च्या फेब्रुवारीत संपादनाची अधिसूचना निघाली. मार्चमध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरणकडची ९५ गावं. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीत राबलेल्या माणसाच्या सातबाऱ्यावर स्वतःचं नाव जेमतेम तेरा वर्षं राहिलं. काहींचे खरेदीचे हप्तेसुद्धा फिटले नसतील. मुंबईची वेस खाडी ओलांडून पलीकडे सरकली, तेव्हा तिथला शेतकरी हा नवाकोरा मालक होता. जमीन विकायची सवय त्याला नव्हती, आणि विकत घ्यायला सरकारच आलं होतं.

मामा : विकत? नोटिशीत विकत असा शब्द नव्हता. आम्ही कुणी होकार दिला नव्हता.

मामा बरोबर बोलतो. १८९४चा भूसंपादन कायदा होकार विचारत नसे. कलम ४ची अधिसूचना, मग कलम ६ची घोषणा, मग कलम ११चा निवाडा, आणि भाव ठरायचा तो कलम ४च्या तारखेचा. अधिसूचना १९७०ची आणि निवाडा कित्येक वर्षांनी, तरी बाजारभाव धरायचा १९७०चा. मधल्या काळात शेजारी शहर उभं राहिलं, रस्ते झाले, जमिनीला सोन्याचा भाव आला, तो शेतकऱ्याच्या हिशेबात धरायचा नाही. निवाड्यावर नाराज असाल तर कलम १८खाली दिवाणी न्यायालयाकडे दाद. त्यातही एक खोच होती. पैसे घेताना ‘निषेध नोंदवून’ घेतले पाहिजेत. ज्याला हे कुणी सांगितलं नाही, त्यानं पावतीवर मुकाट अंगठा उठवला आणि वाढीव मागण्याचा त्याचा हक्क तिथेच संपला. मी अशा जुन्या पावत्या पाहिल्या आहेत. निळसर शाईचा अंगठा, शेजारी ‘रक्कम पावली’, आणि ‘निषेध’ हा शब्द कुठेच नाही.

मी : म्हणून म्हणते, साहेब तो कायदा कोळून प्यायले होते. दुसरा वकील असता तर त्यानं काय केलं असतं? गावागावातून कलम १८चे अर्ज गोळा केले असते, वाढीव रकमेवर टक्का ठरवला असता आणि आयुष्यभर आरामात खाल्लं असतं. भूसंपादनाच्या दाव्यांवर कितीक वकिलांचे बंगले झाले. यांनी ओळखलं की न्यायालयात गेलं तर भांडण फार तर भावाचं होईल. जमीन घ्यावी की नाही आणि घेतली तर शेतकरी त्या शहराचा कोण लागतो, हे न्यायाधीशाला विचारताच येत नाही. त्या प्रश्नाची जागा विधानसभा होती.

मामा : विधानसभेत ते विरोधी पक्षनेते होते, ७२ नंतर. सरकार त्यांचं ऐकत होतं का? नाही ऐकलं. ऐकलं असतं तर ८४ घडलं नसतं.

मी : ८४चं तूच सांग.

मामा : सांगण्यासारखं काय उरलंय. १६ जानेवारीला दास्तान फाट्यावर पोलिसांच्या गोळीबारात चिरल्याचा एक आणि धुतूमचा एक गेला. दुसऱ्या दिवशी नवघर फाट्यावर पागोट्याचे तिघं. पाच माणसं. लोकांना वाटतं आम्ही बंदराच्या किंवा शहराच्या विरोधात होतो. आम्ही म्हणत होतो, घ्यायची तर आमच्याशी बोलून घ्या, आणि जे उभं राहील त्यात आम्हाला ठेवा. मी तेव्हा कलम-बिलम काही जाणत नव्हतो. साहेब बैठकीत समजावून सांगायचे, शिक्षक फळ्यावर गणित मांडतो तसं. माणूस घरी जाताना म्हणायचा, आता कळलं आपलं काय जातंय.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भूसंपादनाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. सोलेशियम, म्हणजे सक्तीनं जमीन घेतल्याबद्दलची जादा रक्कम, १५ टक्क्यांवरून ३० टक्के झालं. घोषणेनंतर दोन वर्षांत निवाडा झाला नाही तर संपादनच रद्द, असं कलम आलं. एकाच अधिसूचनेतल्या शेजाऱ्यानं न्यायालयात वाढीव भाव मिळवला, तर न भांडलेल्यालाही तो मागण्याची वाट २८ अ या कलमानं उघडली. ही देशभराची दुरुस्ती होती आणि ती बरीच आधीपासून घाटत होती, तेव्हा त्या गोळीबारानं ती घडवली असं मी म्हणणार नाही. पण ज्या अन्यायांवर ती बेतली, ते उरण-पनवेलीत उघड्या डोळ्यांनी दिसत होते. त्या डिसेंबरात कुलाब्यानं दि. बां.ना लोकसभेत पाठवलं.

आणि मग साडेबारा टक्के. १९९० आणि १९९४चे शासन निर्णय. संपादन झालेल्या क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ शेतकऱ्याला परत द्यायची, रस्ता-पाणी-गटारासकट, आणि त्यावर दीड चटई क्षेत्र निर्देशांक. इथे आमच्या वादाचा खरा पेच येतो.

मामा : तोवर असं कुणी मिळवल्याचं मी ऐकलं नव्हतं. पैसे खर्च होतात, जमीन राहते. नवी मुंबईत जो काही आगरी माणूस आज ताठ मानेनं उभा आहे, तो त्या भूखंडावर उभा आहे.

मी : साडेबारातले पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी वजा होतात, मामा. हातात पावणेनऊ. एकराचे साडेतीन गुंठे.

मामा : साडेतीन गुंठे शहरातले! भाताच्या एकरात काय पिकत होतं तुला ठाऊक नाही. खाडीचा बांध फुटला की वर्ष गेलं.

मी : गुंठ्यांवर माझा राग नाही. तो भूखंड मिळाला कसा, ते बघ. भाडेपट्ट्यानं, साठ वर्षांच्या. सातबाऱ्यावर मालक असलेला माणूस आपल्याच जमिनीच्या तुकड्यावर सिडकोचा भाडेपट्टेदार झाला. बांधायला त्याच्याकडे पैसे नव्हते, म्हणून बिल्डर आला. मग त्रिपक्षीय करारनामा : सिडको, शेतकरी आणि बिल्डर. तो करार वाच एकदा. शेतकऱ्याचं नाव पहिल्या पानावर असतं, वारसांची यादी असते, फोटो असतात, अंगठे असतात, आणि शेवटच्या पानाला पोचेपर्यंत तो त्या भूखंडातून बाहेर पडलेला असतो. साहेबांनी वाटा मिळवून दिला, पण तो वाटा पहिल्या विक्रीपर्यंतच टिकेल अशा बेतानं दिला गेला. शहरात वाटेकरी व्हायचं होतं, आणि बरेचसे एकदा पैसे घेऊन मोकळे झाले.

मामा : त्याला साहेब जबाबदार? घर गळतंय, पोरीचं लग्न आहे, पोराला नोकरी नाही. माणसानं विकू नये असा कायदा करायचा होता?

मी : हो. काही काळ तरी. आदिवासींच्या जमिनीला तशी बंधनं आहेतच. किंवा गावाचा वाटा एकत्र ठेवून त्याचं भाडं वाटायचं. पुण्यात हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी सुमारे चारशे एकर एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले आणि शहर स्वतः बांधलं. आपल्याकडे १९१५पासून नगररचना योजनेचा कायदा होता. सांताक्रूझ, विलेपार्ल्यात त्या योजना झाल्या. रस्त्यांसाठी हिस्सा कापायचा आणि उरलेला भूखंड मूळ मालकालाच परत. त्या हिशेबानं पाहिलं तर साडेबारा फार थोडे होते.

मामा : मगरपट्टा उसाचा, बागायतीचा, एका भावकीचा. आमच्याकडे कुणाचा एकर, कुणाचा दीड एकर, कुणाची खारजमीन, कुणी मिठागरातला. आणि संपादन आधीच झालेलं होतं, बाय. जमीन सरकारच्या नावावर चढलेली होती. जे हातातून गेलंय त्यातून परत मिळवणं आणि हातात असलेलं राखणं, यात फरक आहे की नाही?

हा फरक मला मान्य करावा लागला. निवाडा होऊन ताबा गेल्यावर कायद्याच्या नजरेत शेतकऱ्याकडे मागायला काहीच उरत नाही. त्या ‘काहीच नाही’मधून टक्केवारीचा हक्क उभा करणं हे कुठल्याही न्यायालयाच्या आवाक्यातलं नव्हतं. ते आमदारकीच्या आणि रस्त्यावरच्या ताकदीनंच होऊ शकत होतं, आणि काय मागायचं ते नेमकं मांडायला वकीलच लागत होता. २०१३चा नवा भूसंपादन कायदा आता म्हणतो की शहरीकरणासाठी जमीन घेतली तर विकसित जमिनीतले २० टक्के मूळ मालकांसाठी राखून ठेवायचे, संपादन आणि विकासाच्या खर्चाइतक्या किमतीत. विमानतळाच्या दहा गावांना तर साडेबावीस टक्के मिळाले. हे आकडे आज सहज बोलले जातात. ते बोलण्याजोगे झाले त्याच्यामागे दि. बां.ची तीस-पस्तीस वर्षं आहेत, आणि ते श्रेय मी मामाइतक्याच जोरानं देते.

तरी माझी दुसरी तक्रार मी सोडली नाही.

मी : साडेबारा टक्के सातबाऱ्यावर मोजले. ज्याचं सातबाऱ्यावर नाव नाही त्याचं काय? मिठागरात मीठ ओढणारा मजूर, खाडीत जाळं टाकणारा कोळी, बांधावर राहणारा कातकरी. शेत गेलं तेव्हा त्यांचंही काम गेलं. आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे कोण, तर घरातल्या बायका. १९९४ला महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सारखा हक्क मिळाला, त्याच वर्षी साडेबाराचा शासन निर्णय आला. मग भूखंडाची वेळ आली की भाऊ बहिणीला गाडीनं घेऊन येतो, साडी देतो, जेवू घालतो आणि हक्कसोडपत्रावर सही घेतो. माझ्यासमोर अशा किती सह्या झाल्या. आई तुझी बहीण आहे ना मामा? तिची सही कुठे झाली?

मामा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, तिनं स्वखुशीनं दिली. आई आतल्या खोलीतून म्हणाली, मला विचारलं कुणी होतं? यावर घरात जे बोलणं झालं ते घरातलंच राहू दे. मामानं विषय नारपोलीवर आणला, आणि त्याचा हा भाग मला सगळ्यात जास्त लागला.

मामा : तुझ्या गावाचं बोल. इथे सिडको नव्हती, अधिसूचना नव्हती, गोळीबार नव्हता. मग नारपोलीची शेतं कुठे गेली?

मी : माग आले. भंडारी कंपाउंडसारखी लूमची कंपाउंडं झाली. शेतकऱ्यांनी कुणी जमीन विकली, कुणी पत्र्याच्या शेड टाकून भाड्यानं दिल्या, कुणी चाळी बांधल्या. मग मुंबईची जकात चुकवायला माल शहराबाहेर ठेवू लागले, आणि राहनाळ, पूर्णा, काल्हेर, माणकोलीकडे भातशेतीवर गोदामं उठली. पण जमीन आमच्या नावावर राहिली, मामा. भाडं दर महिन्याला येतं. साठ वर्षांचा पट्टा नाही, त्रिपक्षीय करार नाही. एका अर्थी आम्ही जास्त राखलं.

मामा : ज्याच्या शेड आहेत त्यानं राखलं. ज्यानं विकलं त्याचं काय? आणि हे गाव बघ. लूमच्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. पावसात गटार घरात. कंटेनर उभे राहिले की अंजूर फाट्यापर्यंत पाय टाकायला जागा नाही. मैदान कुठाय? बाग कुठाय? आमच्याकडे निदान सेक्टर आहे, रस्ता आहे. तुमची जमीन एकेकानं एकेका रात्री सौदा करून दिली. आम्हाला भांडायला पत्ता होता : सिडको भवन, बेलापूर. तुम्ही कुणाच्या दारात मोर्चा नेणार?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. संपादनात जुलूम असतो, पण जुलूम करणाऱ्याचं नाव कागदावर असतं. त्याला नोटीस देता येते, घेराव घालता येतो, सभागृहात त्याच्या मंत्र्याला उभं करता येतं. नारपोलीत बाजारानं एकेकाला गाठलं. प्रत्येकानं आपापला फायदा पाहिला, त्यात चूक काही नव्हतं, आणि सगळं झाल्यावर गाव म्हणून मागण्यासारखं काही राहिलं नाही. दि. बां.नी जे खरं काम केलं ते मला इथे बसून उमगतं. ९५ गावांतल्या सुट्या सुट्या नुकसानीचा त्यांनी एक दावा केला आणि तो कुणाविरुद्ध आहे हे नेमकं सांगितलं. भिवंडीला तसा कुणी भेटला नाही.

मी : आता भेटायला हवा. समृद्धी महामार्ग आमण्याला येऊन थांबलाय. बुलेट ट्रेनचा डेपो अंजूर-भरोडीत होतोय. आजूबाजूच्या गावांचं नियोजन एमएमआरडीएकडे आहे. बहुतेक ठिकाणी थेट खरेदी होते, दर बरा मिळतो, आणि लोक सही करून मोकळे होतात. त्या वीस टक्क्यांचं कुणी नावही काढत नाही.

मामा : तू काढलंस का कधी? साहेब कोर्ट सोडून बैठकीला यायचे. तू किती बैठका घेतल्यास?

मी : नाही घेतल्या.

मामा : मग घे. अंजूरला घे, नारपोलीत घे. कायदा समजावून सांग. उगाच माझ्यासारख्या म्हाताऱ्याशी काय भांडतेस?

मी : घेते. पण बायकांना बोलावणार. ज्यांनी हक्कसोड दिलं त्यांना आणि ज्यांच्याकडून अजून घ्यायचंय त्यांनाही. आणि शेतमजुरांनाही.

मामा : बहिणी बैठकीला आल्या तर भाऊ येणार नाहीत.

मी : येतील. जमीन आहे म्हटल्यावर येतील.

मामा : बरं. मग मी आमच्याकडून दोघातिघांना आणतो. ज्यांनी त्रिपक्षीय करार करून भूखंड घालवला आणि आता भाड्याच्या खोलीत राहतात. आधी त्यांना बोलू दे, तुझी कलमं नंतर. आणि त्यांना करारनाम्याची प्रत आणायला सांगतो. नुसतं तोंडी नको, पानन्‌पान वाचून दाखव.